सूचक, अनुमोदक आणि मी

लेटरबॉक्सचं झाकण खट्‌ करून वाजलं आणि अख्खं घर दचकलं. म्हणजे मीच दचकले. अन्वी शाळेत, सासरे वाचनालयात, सासूबाईंचा दुपारचा डोळा लागलेला. अशा वेळी आमच्या डंडीच्या घरात इतकी शांतता असते की वरच्या मजल्यावरच्या घड्याळाची टिकटिक जिन्यात ऐकू येते. लॅबमधून आल्यावरचा तो पाऊण तास माझा चोरीचा असतो. चहा घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं. तेवढ्या वेळात मी कोणाची आई नसते आणि कोणाची सूनही नसते.

चहा तसाच ठेवून दाराशी गेले. पायपुसण्यावर तीन लांबट पाकिटं पडली होती. तीन नावं, त्यातलं एक माझं.

इथे आल्यापासून मला सरकारी पत्रं पुष्कळ आली होती. प्रत्येकात मला काहीतरी बजावलेलं असायचं: इतक्या दिवसांत हे करा, तमुक केलं नाहीत तर ढमुक होईल. या पाकिटात पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं होतं. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? खाली दोन चौकोन. हो. नाही. बाकी कागद कोरा.

दोन हजार चौदाचा सप्टेंबर नुकताच लागला होता. नियम असा होता की जो स्कॉटलंडमध्ये राहतो त्याला मत. माझा पासपोर्ट भारताचा, पण भारत राष्ट्रकुलातला देश, त्यामुळे मलाही मत. आणि जो इथे जन्मला पण इंग्लंडमध्ये राहायला गेला, त्याला नाही. हा नियम आमच्या घरावर असा काही पडला की अगदी मधोमध चीर गेली. माझा नवरा अपूर्व याच गावात जन्मला, याच टेकडीवरून घसरून त्याने गुडघा फोडून घेतला, त्याची शाळा आमच्या मागच्या खिडकीतून दिसते. पण दीड वर्षापूर्वी त्याला नॉटिंगहॅमच्या इस्पितळात नेमणूक मिळाली. अन्वीची शाळा आणि माझं काम इथलं, म्हणून आम्ही दोघी त्याच्या आईवडिलांकडे राहिलो आणि तो महिन्यातून दोनदा येऊ लागला. त्याचं नाव मतदारयादीतून कोणी काढलं? अप्पांनी. माझे सासरे. कौन्सिलचा फॉर्म आला, ‘या पत्त्यावर कोण कोण राहतं?’ आणि अप्पांसारख्या सरळ माणसाने पोराच्या नावावर पट्टी लावून रेघ मारली. अपूर्वला वाटत होतं, जन्म इथला म्हणजे मत आपोआप मिळणार. नोंदणीची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कळलं.

तेव्हापासून अप्पा जरा गप्प होते.

अप्पा वीस वर्षं इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. मंडळ कधीच विरलं, माणसं मुलांमागे स्लाऊला नाहीतर केंब्रिजला निघून गेली, पण अप्पांचं चिटणीसपण मात्र राहिलं. आमच्या घरात काहीही ठरतं ते ठरावाने. त्याची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. ‘स्वयंपाकघरातील नळ बदलण्यात यावा. सूचक: अप्पा. अनुमोदक: सौ. सुलक्षणा. एकमताने मंजूर.’ सौ. सुलक्षणा म्हणजे सासूबाई. त्यांचं अनुमोदन नेहमी आतूनच येतं, कणकेच्या हातांनी. “आहे हो माझं अनुमोदन!”

निवडणुकांचेही ठराव असतात. घरातली मतं फुटली की घर फुटतं, असं अप्पांचं म्हणणं. म्हणून ते सगळ्यांचीच मतपत्रिका पोस्टाने मागवतात. रविवारी आंघोळी झाल्या की जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांनी बसायचं, ठरल्याप्रमाणे फुल्या मारायच्या, अप्पा पाकिटं चिकटवणार. उन्हाळ्यात अन्वीला ताप होता त्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढेही एक अर्ज सरकवला होता. मी थर्मामीटर एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही केली होती. ते आठवलं तेव्हा पाकीट माझ्या हातात होतं आणि चहावर साय आली होती.

शनिवारी संध्याकाळी सभा भरली. लॅपटॉप केळ्यांच्या घडाला टेकवून ठेवला होता. त्यात अपूर्व, त्याच्या मागे दोरीवर न वाळलेले शर्ट.

“ऐकू येतंय का रे?” अप्पा ओरडले.

“अप्पा, हळू बोला. मी नॉटिंगहॅमला आहे, चंद्रावर नाही.”

पहिला ठराव झाला: घरातली मतं कोणत्या बाजूला जावीत. ती बाजू मी इथे लिहिणार नाही. लिहिली की पुढचं सगळं तुम्ही ओळखाल, आणि ते कोणालाही ओळखता येऊ नये यासाठीच मी एवढी भांडले.

मग अप्पांनी घसा साफ केला आणि वहीतून वाचलं, “ठराव दुसरा. सौ. ऋजुता हिने आपले मत हे चि. अपूर्व याचे मत समजून द्यावे.”

“समजून द्यावे म्हणजे?” मी विचारलं.

“ऋजू, ऐक ना,” अपूर्व म्हणाला. घाई झाली की त्याचं मराठी अडखळतं. “मी इथे जन्मला. जन्मलो. पस्तीस वर्षांचा माझा रिश्ता आहे या जागेशी. तू तीन वर्षांपूर्वी नागपूरवरून आलीस, तेव्हा तुला हा देश कुठे संपतो ते पण माहीत नव्हतं. इट्स मॅड, इजन्ट इट? तुला मत आहे आणि मला नाही.”

“मग मी काय तुझी मतपेटी आहे?”

“पेटी नव्हे गं,” अप्पा म्हणाले, “प्रतिनिधी.”

“प्रतिनिधी निवडून द्यावा लागतो, अप्पा. मला कोणी निवडलं?”

“मी!” अपूर्व म्हणाला. “लग्न केलं ना!”

सगळे हसले. मीही हसले, आणि हसल्याचा मला इतका राग आला की पेला उचलून उगीच पाणी प्यायले.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. मला वाईट वागवत असता तर सोपं होतं. तो टेकडीला नावाने ओळखतो. नदीवर धुकं कुठून चढतं आणि कोणत्या गल्लीत आधी शिरतं ते त्याला ठाऊक आहे. मी अजूनही बसमध्ये शेजारच्या बाईचं बोलणं दोनदा ऐकते तेव्हा कुठे कळतं. पण उद्या जे काय होईल ते त्याच्या नॉटिंगहॅमच्या खोलीत थोडंच घडणार होतं? माझ्या लॅबचा निधी, अन्वीची शाळा, सासूबाईंचा डॉक्टर, माझा स्वतःचा व्हिसा, सगळं इथे बदलणार होतं. देश कोणाचा धरायचा? ज्याचं बालपण इथे सांडलंय त्याचा, की जिची मुलगी रोज इथल्या शाळेत डबा विसरून येते तिचा? मला उत्तर येत नव्हतं. पण ज्याला येत नाही त्यालाच विचारलेलं असतं ना? सगळ्यांना पाठ असतं तर चौकोन कशाला छापले असते?

“मंजूर?” अप्पांनी पेन उचललं.

“माझा विरोध आहे,” मी म्हणाले.

पेन हवेतच थांबलं. पस्तीस वर्षांत त्या वहीत कोणी विरोध केला नव्हता. सूचक होते, अनुमोदक होते, विरोधकाला पान आखलेलंच नव्हतं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नोंद घेतली,” ते म्हणाले. “तीन विरुद्ध एक. बहुमताने मंजूर.”

“तीन कसे? अपूर्वला इथे मत आहे?”

“इथे म्हणजे घरात आहे.”

“वा!” मी म्हणाले. “म्हणजे घरात राहत नसून त्याला घरात मत, आणि मी देशात राहत असून मला देशात नाही.”

अप्पांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. “अनुमोदन?”

आत लाटणं थांबलं. मग सासूबाईंचा आवाज आला, “आहे.” त्या दिवशी त्यात ‘हो’ नव्हतं.

रविवारी सकाळी माझी आंघोळ होईपर्यंत सासूबाईंनी तिन्ही पाकिटं देवापुढे नेऊन ठेवली होती. हे त्या सगळ्याच कागदांचं करतात. नवा पासपोर्ट, अन्वीचं शाळेचं पत्र, गाडीचा दाखला, काहीही असो, आधी देवापुढे, हळदकुंकू, मग कपाटात. अप्पांचं आणि त्यांचं पाकीट बंद होतं. माझं मी फोडून पुन्हापुन्हा वाचलेलं, त्यातली मतपत्रिका अर्धवट बाहेर आलेली. सुनेचं इथलं पहिलं मत, म्हणून त्यांनी कौतुकाने ती पुरती बाहेर काढली, ओल्या अनामिकेला कुंकू लावलं आणि बोट टेकवलं.

मी केस पुसत आले तेव्हा त्या निरांजन लावत होत्या. मी खाली पाहिलं. कुंकू बरोबर दोन चौकोनांच्या मधे उमटलं होतं, आणि ओलं असल्यामुळे वर ‘हो’मध्येही थोडं पसरलं होतं आणि खाली ‘नाही’मध्येही.

“आई! हे काय केलंत?”

“काय केलं? शुभ केलं.”

“अहो, मतपत्रिकेवर खूण केली की ती बाद होते!”

त्यांचा चेहरा इतका पडला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. आवाज ऐकून अप्पा आले. कागद उजेडात धरून त्यांनी बघितला, मग सूचनांचं पत्रक काढलं आणि भिंग घेऊन देवघराच्या दारातच वाचायला बसले.

“काही बिघडलेलं नाही,” बऱ्याच वेळाने म्हणाले. “मतपत्रिका चुकून खराब झाली तर सगळे कागद परत करायचे, ते नवी देतात. पोस्टाने उशीर होईल. हिला उद्या कौन्सिलच्या ऑफिसात स्वतः जावं लागेल. तिथल्या तिथे भरून देता येते.”

सासूबाईंनी विचारलं, “तिनेच जायचं? दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत?”

“नाही. जिचं मत तिनेच.”

“आणि भरताना शेजारी कोणी बसतं का?”

“छे! शेजारी कसं बसेल?” अप्पा म्हणाले. “गुप्त असतं ते.”

बोलून गेले आणि स्वतःच स्वतःचं वाक्य ऐकत राहिले. वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलाशी फुल्या मारून घेणारा माणूस. मी खाली बघितलं, कारण वर बघितलं असतं तर हसले असते.

सासूबाईंनी स्वतःचं पाकीट उचललं. शांतपणे फोडलं. आतली मतपत्रिका काढून पाटावर सरळ केली, सुरकुती मोडली. मग पळीतलं पाणी घेतलं, करंड्यात बोट बुडवलं आणि दोन्ही चौकोनांच्या मधे, माझ्या कागदावरच्यापेक्षा मोठं, चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं.

“अगं!” अप्पा उठूनच उभे राहिले.

“हात चुकला,” सासूबाई म्हणाल्या. आणि घंटी वाजवायला लागल्या.

सोमवारी अन्वीला शाळेत सोडून आम्ही दोघी बसमध्ये चढलो. सासूबाईंनी ठेवणीतला मोरपंखी कोट घातला होता. पिशवीत दोन प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कुंकवाच्या मतपत्रिका. अप्पा स्टॉपपर्यंत आले होते. बस सुटताना त्यांनी खिडकीतून सांगितलं, “ठराव लक्षात आहे ना दोघींना?” सासूबाईंनी काचेआडून छान हात हलवला.

बसला त्या चढावर धाप लागते. खिडक्यांतून, दिव्यांच्या खांबांवरून दोन्ही बाजूंची पोस्टर्स मागे सरकत होती. एका घराच्या वरच्या खिडकीत एक बाजू, खालच्या खिडकीत दुसरी.

“यांच्याकडे वही नाही वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्या एकदम बोलायला लागल्या. “तुला माहीत आहे का, असं मतदान एकदा आधीही झालं होतं. एकोणऐंशी साली. स्वतंत्र देशाचं नव्हे, इथल्या स्वतःच्या विधानसभेचं. आम्हाला येऊन दोन वर्षं झाली होती. मलाही मत होतं. पण अपूर्व वीस दिवसांचा होता, बाहेर बर्फ, यांनी सांगितलं, तू कशाला येतेस, एका मताने काय होतंय. मला वाटलं, खरंच काय होतंय. घरी बसले.”

“मग?”

“मग काय! ‘हो’ म्हणणारे जास्त निघाले, तरी ते झालं नाही. का? तर म्हणे, यादीतल्या एकूण माणसांपैकी शंभरातल्या चाळीसांनी ‘हो’ म्हणायला हवं होतं. म्हणजे जे घरी बसले, आजारी होते, बाळंतीण होत्या, ते सगळे ‘नाही’ म्हणाल्यासारखेच झाले. मी पाळणा हलवत बसले होते गं. मी ‘हो’ही म्हटलं नव्हतं आणि ‘नाही’ही म्हटलं नव्हतं. आणि कोणीतरी माझं मत मोजून मोकळं झालं.” त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. “त्यानंतर प्रत्येक वेळी मत दिलं मी. पण दरवेळी यांच्या ठरावाने. म्हणजे एकदा सरकारने माझं मत परस्पर मोजलं आणि नंतर नवऱ्याने. मी आपली अनुमोदक.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“अगं, माणूस वाईट असता तर बोलले असते,” त्या म्हणाल्या. “चांगल्या माणसाशी भांडायला निमित्त सापडत नाही.”

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. कालपासून भांडी घासूनही अनामिकेच्या नखाशी लाल कड राहिली होती. माझी आई मतदानाला जाऊन आली की शाईचं बोट दिवसभर मिरवायची, भाजीवालीलाही दाखवायची. इथे शाई लावत नाहीत. मी सासूबाईंना तसं म्हटलं, तर त्यांनी बोट वर करून बघितलं आणि हातमोजा घातलाच नाही.

काउंटरवर साठीची एक गोरी बाई होती, चष्मा साखळीला अडकवलेला. “काय झालं, हेन?” तिने सासूबाईंना विचारलं. इथे बायका एकमेकींना मायेने ‘हेन’ म्हणतात, म्हणजे कोंबडी. सदतीस वर्षं झाली तरी सासूबाईंना ते रुचलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी तेही चालवून घेतलं.

दोन्ही कागद पुढे ठेवले. बाईने डोळे बारीक केले. “रक्त आहे का हे?”

“नाही, नाही. देवाचं आहे,” सासूबाई इंग्रजीत म्हणाल्या. “आम्ही शुभ कामाला लावतो.”

“दोघींच्याही?”

“दोघींच्याही.”

“नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं,” बाई म्हणाली, “हे अनवधानाने झालं ना?”

मी माझ्या बुटांकडे बघायला लागले. सासूबाईंनी बाईच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, “अगदी अनवधानाने.”

बाईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या मोठ्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे. तिच्या ओठांचा कोपरा हलला. “माझ्या आईच्या घरी,” ती म्हणाली, “बाबा सगळ्यांच्या फुल्या स्वतःच मारायचे.” एवढंच बोलून तिने जुने कागद रद्द केले, दोन नवे काढले, वहीत सह्या घेतल्या आणि भिंतीकडेच्या दोन टेबलांकडे बोट दाखवलं. मधे पुठ्ठ्याचे आडोसे होते.

“तिकडे बघू नकोस हं,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्हीही माझ्याकडे बघू नका.”

मी बसले. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे जेमतेम दोन हातांची जागा होती. पण लग्न झाल्यापासून इतकी जागा फक्त माझी अशी मला कुठेच मिळाली नव्हती. अपूर्वची टेकडी आठवली. त्याचा गुडघा. अप्पांनी पट्टी लावून मारलेली रेघ. अन्वीचा डबा. नागपूरला माझ्या आईचं शाईचं बोट. सगळ्यांना एकेक करून समोर बसवलं, प्रत्येकाचं ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यांना उठवलं. खुर्चीत एकटीच उरले तेव्हा पेन्सिल उचलली.

फुली मारायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. इतकी छोटी गोष्ट. पण मारल्यावर मी पाठीतून ताठ झाले, जन्मभर उंची चुकीची मोजली गेली होती असं वाटावं तशी.

शेजारच्या आडोशाआड बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला आणि सासूबाई उठल्या. कोट झाडला. पाकीट त्यांनी स्वतःच चिकटवलं, चारही कडा अंगठ्याने दाबून, पुन्हा दाबून. पेटीत टाकताना क्षणभर हात थांबला. मग सोडलं.

बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. सीगल कचऱ्याच्या डब्यावर भांडत होते. सासूबाई फुटपाथच्या मधोमध उभ्या राहून हसायला लागल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. येणारीजाणारी माणसं वळसा घालून जात होती.

“चल,” त्या म्हणाल्या, “आज डोनट खायचा. तो बर्फीसारखा फज घातलेला. आणि यांच्यासाठी न्यायचा नाही.”

शेवटी नेला. एकच नेला, पण नेला.

अप्पांनी दार उघडताच विचारलं, “झालं ठरल्याप्रमाणे?”

“झालं,” सासूबाई म्हणाल्या.

“ठरावाप्रमाणे ना?”

“गुप्त असतं ते,” सासूबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

अप्पा दिवसभर वही उघडून बसले होते. काही लिहीत, खोडत. संध्याकाळी मी टेबल पुसताना बघितलं. त्यांच्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मते तीन. पैकी एक ज्ञात.’ खाली पहिल्यांदाच सूचक नव्हता आणि अनुमोदकही नव्हता.

शुक्रवारी अपूर्व आला. सहा तास, दोन गाड्या बदलून. अन्वी त्याच्या पायाला जी चिकटली ती उतरेचना. जेवणं झाली, तेव्हा कुठे त्याने विचारलं. सगळ्यांसमोरच विचारलं.

“कुणाला दिलंस, ऋजू?”

“सांगणार नाही.”

“मला पण नाही?”

“तुला तर मुळीच नाही.”

त्याने ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. तो चढवतच नाही. “या घरात इथे जन्मलेला मी एकटा आहे. आणि मला एकट्यालाच कोणी विचारलं नाही. तुला कसं वाटलं असतं?”

“फार वाईट वाटलं असतं,” मी म्हणाले. “तुझ्यावर अन्याय झाला की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही, अपूर्व. कधी वाटतं झाला. पण माझ्या मतपत्रिकेवर तो फेडता आला नसता. फेडायला गेले असते तर एकाच्या ऐवजी दोघं बिनमताचे झालो असतो.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिथून त्याची शाळा दिसते.

“निदान माझा विचार केलास?”

“सगळ्यात जास्त तुझाच केला.”

“आणि मग?”

“आणि मग तुला खुर्चीतून उठवलं.”

त्याला त्यातलं काही कळलं नसणार, पण तो हसला. आधी नाकातून, मग नीट. “ब्रिलियंट,” म्हणाला. “म्हणजे कदाचित तू माझ्याच बाजूने दिलं असशील.”

“कदाचित.”

“आणि मला कधीच कळणार नाही.”

“कधीच नाही.”

“धिस इज टॉर्चर.” तो आईकडे वळला. “आई, तू तरी सांग. तू तर अनुमोदन दिलं होतंस.”

“दिलं ना,” सासूबाई भाताची पळी धुता धुता म्हणाल्या.

“कशाला दिलंस?”

“माझ्या मनाला.”

अप्पांनी वहीवरून मान वर केली. सासूबाईंकडे ते बराच वेळ बघत होते, आणि त्या बघण्यात मला राग दिसला नाही. या बाईशी आपली ओळख करून घ्यायची राहिली की काय, अशा नजरेने बघत होते. मग त्यांनी पेन सासूबाईंच्या पुढे धरलं. “लिही,” म्हणाले. “तूच लिही. तुझ्या अक्षरात या वहीत काहीच नाही.”

सासूबाईंनी पदराला हात पुसले. खुर्ची ओढून बसल्या, चष्मा मागवला. सगळे वाकून बघायला लागलो. एवढ्यात अपूर्वच्या मांडीवरून अन्वी टेबलावर चढली. मघापासून ती बोटं मोजत होती, आमच्याकडे लक्ष नसेल असं मला वाटलं होतं.

“आजोबाने एक दिला,” ती म्हणाली. “आजीने एक दिला. आईने एक दिला. बाबाला नाही मिळाला, बिकॉज तो ट्रेनने गेला.”

“बरोबर,” मी म्हणाले.

“पण मी तर कुठेच नाही गेली. मी रोज इथेच असते.” तिचं चौथं बोट उभंच होतं, आणि ती त्या बोटाकडून माझ्याकडे बघत होती. “आणि आजोबा ओल्ड आहे, मी छोटी आहे, म्हणजे सगळ्यात जास्त दिवस मीच राहणार ना इथे? मग आई, माझा मत कोणी दिला?”